दीड इंच

देगलूर रोडला, टायरवाल्याच्या मागं,
खलीलभाई गाडीखाली आडवे.
बाहेर फक्त दोन पाय, आणि आवाज:
"पाटे बसले. उजवीकडं जास्त."

बसणारच. उजवीकडं मी असतो,
चौदा वर्षं, सत्त्याऐंशी किलो.
डावीकडं आधी थर्मास असायचा
आणि थर्मास धरणारी.
आता दोरखंड, गोणपाट, फिनाईलची बाटली.

खलीलभाईंनी फरशीवर तीन ढीग लावले.
पहिला, माझेच पाटे:
भट्टीत घालू, ठोकू, कमान परत आणू.
"पण लोखंडाला आठवण असते.
सहा महिने ताठ राहतील,
मग बसतील आपल्या सवयीवर."
दुसरा, अकरा पाट्यांचा नवा संच,
काळा, कडक, अजून ग्रीस लागलेला.
"सळया भरा, खडी भरा, हूं की चूं नाही.
रिकामी चालवताना मात्र दात सांभाळा."
तिसरा, सात पाटे, खाली लोखंडी ठोकळा.
गाडी तीन इंच वर.

"चार करा मामा," बसवराज म्हणाला.
त्याचे डोळे आधीच चार इंच वर गेले होते.
तसं त्याचं खोटं नाही.
श्रावणात काळ्या रानात
चाकोरी गुडघाभर होते, डिफ्रन्सल चिखल नांगरतं.
गेल्या साली गाडी पोटावर बसली
आणि चारही चाकं हवेत गरगर,
पालथ्या कासवाचे पाय.

मी मात्र धक्के मोजत होतो.
तोंडारला शाळेमागचा मातीचा,
हेर फाट्याचा दगडी, एक कोपरा ढासळलेला,
पुढच्या वस्तीवर नुसता उकिरडा, दाबून दाबून घट्ट केलेला.
असे आठ.
सगळे याच हौद्याच्या उंचीनं रचलेले.
मागं गाडी लावली की मधे फट बोटभर.

आणि त्यावरून आत येतं कोण?
आडव्या वासराची गाय.
तार गिळलेली म्हैस.
खूर फाटलेला देवणी बैल,
ज्याला तिघं धरतात आणि चौथा नुसता बोलत राहतो.
उडी मारता आली असती
तर दवाखान्यात कशाला निघाले असते?

"वजन किती असतं?" खलीलभाईंनी विचारलं.
जाताना पाचशे किलो, मी म्हटलं.
येताना कधी पाचशे,
कधी पाचशे आणि वर एक वासरू,
कधी नुसता दोरखंड.

त्यांनी पाना खाली ठेवला. चहा सांगितला.
मग तिन्ही ढीग मोडून चौथा लावला:
नऊ पाटे, वरचे दोन पातळ,
"हे दोन जनावरासाठी, खालचे सात रस्त्यासाठी."
ठोकळा नको. शॅकल थोडं लांब.
दीड इंच.
"चिखलातून निघंल. रुबाब नाही मिळणार."
बसवराजनं तोंड फिरवलं.

उजवीकडं एक पाटा जास्तीचा, माझ्या नावाचा.
"डावीकडं? कुणी बसणार असलं तर आत्ताच सांगा."
मी म्हटलं, दोरखंडाला आहे तेवढा पुरे.

संध्याकाळी हौद्यात स्टीलचा ग्लास काठोकाठ भरून ठेवला
आणि रेल्वे फाटकापर्यंत जाऊन आलो.
ग्लासात पाणी पाऊण उरलं.
खलीलभाई त्याकडं बराच वेळ बघत राहिले,
मग ते पिऊन टाकलं.

पहाटे तोंडारहून फोन. म्हैस, तिसरं वेत, अडलेली.
गाडी धक्क्याला लावली.
म्हशीनं एक पाय पुढं टाकला,
हौद्याच्या कडेला खूर ठेचला, पाय मागं घेतला.
फुसकारली. हलेना.
दीड इंच तिला दिसला होता,
बसवराजला जो दिसत नव्हता तो.

मालकानं फावडं आणलं.
बसवराजनं शर्ट काढून धक्क्याच्या कठड्यावर टाकला
आणि घमेलं उचललं.
टाकायची, पायानं दाबायची, पुन्हा टाकायची.
दीड इंच म्हणजे किती?
बावीस घमेली.

म्हैस चढली.
अजून सात धक्के राहिलेत.